१४ जानेवारीला हवेत काय काय घडलं

सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, संमती कट्ट्यावर अक्षता पडायच्या वेळी ऊन चांगलंच चढलेलं असतं. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त घामेजलेले, तळ्याकाठी पाऊल ठेवायला जागा नाही, आणि पहाटे स्वेटर घालून निघालेली मंडळी तोच स्वेटर कमरेला बांधून उभी. गेल्या गड्ड्याला माझ्या शेजारचे एक आजोबा नातवाला सांगत होते, "संक्रांतीला थंडी पडतीच बघ. तारीखच तशी हाय." नातू सातवी-आठवीतला असेल. तो म्हणाला, "मग आता घाम का येतोय?"

त्याला उत्तर मिळायच्या आत अक्षता पडल्या आणि गर्दी हलली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. हवामान तारखेत असतं का? १४ जानेवारी म्हटलं की ठरावीक काही घडतं का? म्हणून मी ही एकच तारीख धरली आणि त्या दिवशी जगात हवेनं काय काय केलं ते गोळा करत गेलो. जे हाती लागलं त्याचं शास्त्र शेवटी आपल्याच शेतात आणि आपल्याच आभाळात येऊन पोचलं. ते सांगायचं आहे.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट १९७२ ची. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मोंटाना राज्यात लोमा नावाची अगदी लहान वस्ती आहे. १४ जानेवारीला सकाळी तिथे पारा उणे ४८ अंश सेल्सिअसच्या जवळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पारा ९ अंशांवर होता. चोवीस तासांच्या आत ५७ अंशांची उडी. चोवीस तासांत तापमान सर्वांत जास्त बदलल्याची ही जगातली नोंद आहे. आपल्याकडे जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची भर दुपार यांच्यातही एवढं अंतर पडत नाही. लोमात ते एका दिवसात पडलं, आणि तेही ऐन हिवाळ्यात.

हिवाळ्यातल्या उन्हानं एवढी ऊब येत नाही, मग ती आली कुठून? वाऱ्यातून. त्या वाऱ्याला तिकडे चिनूक म्हणतात. तो समजून घ्यायला सायकलचा पंप पुरेसा आहे. तोंड दाबून जोरात चार-पाच वेळा हवा भरा आणि पंपाचं खालचं टोक हाताला लावा. गरम लागतं. तिथे आग नाही, ऊन नाही, फक्त हवा दाबली गेली. हवा दाबली की तापते आणि पसरली की गार होते. एवढा एकच नियम लक्षात ठेवा, पुढची बरीचशी गोष्ट त्यातच आहे.

आता डोंगर. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढू लागली की वर दाब कमी असल्यानं ती पसरते आणि गार होते. कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण १० अंशांनी थंडावते. पण हवेत बाष्प असेल तर त्याचे ढग बनतात, आणि बाष्पाचं पाणी होताना त्यातली दडलेली उष्णता बाहेर पडते. त्यामुळे ढगातून चढणारी हवा १० ऐवजी साधारण ६ अंशांनीच थंडावते. माथ्यावर पोचेपर्यंत तिनं आपलं पाणी पाऊस किंवा बर्फ म्हणून सांडलेलं असतं. पलीकडे ती उतरते ती कोरडी होऊन, आणि उतरताना दर किलोमीटरला पूर्ण १० अंशांनी तापते. चढताना सहाचा तोटा, उतरताना दहाचा नफा. पॅसिफिक महासागराकडून निघालेला वारा रॉकी पर्वत ओलांडून असाच लोमाच्या सपाटीवर उतरला. तिथे उत्तर ध्रुवाकडून आलेली जड, गोठलेली हवा जमिनीला चिकटून पसरली होती. चिनूकनं ती बाजूला सारली आणि तिची जागा घेतली. म्हणजे लोमाची हवा तापली असं म्हणण्यापेक्षा लोमाची हवा बदलली असं म्हणणं जास्त बरोबर.

अशीच हवा २२ जानेवारी १९४३ ला साऊथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात बदलली होती. सकाळी साडेसात वाजता उणे २० अंश, आणि दोन मिनिटांनी ७ अंश. दोन मिनिटांत २७ अंश. आपला चहासुद्धा तेवढ्यात निवत नाही.

ही उताराची बाजू झाली. चढाच्या बाजूला काय होतं ते पाहायचं तर २० वर्षं मागे, १९५२ मध्ये जावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत, पश्चिमेकडच्या चढावर, १३ जानेवारीला 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' ही आगगाडी बर्फात रुतली. आत १९६ प्रवासी आणि ३० कर्मचारी. १४ जानेवारीचा पूर्ण दिवस त्यांनी डब्यातच काढला. बर्फ कापणारी यंत्रं मदतीला धावली, तीही अडकली. गाडीतली ऊब संपत चालली, बाहेर वादळ थांबेना. प्रवाशांची सुटका झाली १६ तारखेला. सोलापूरसारख्या रेल्वेच्या गावात राहणाऱ्याला हे वाचून पोटात गोळा येतो. आपल्याकडे गाडी माढ्याला तासभर थांबली तरी डब्यात चुळबूळ सुरू होते.

त्या गाडीवर कोसळलेला बर्फ म्हणजे चढणाऱ्या हवेनं सांडलेलं पाणीच. महासागर तोच, नियम तोच. डोंगराच्या एका अंगाला गाडी गाडली जाते, दुसऱ्या अंगाला एका दिवसात थंडी पळते.

आता हाच डोंगर आपल्या पश्चिमेला आणून ठेवा. सह्याद्री. जूनमध्ये अरबी समुद्रावरून निघालेली हवा कोकणातून घाट चढते आणि महाबळेश्वरला पाणी सांडते, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्याही वर. तिथून सोलापूर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरही नाही, आणि आपल्या वाट्याला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. दहावा हिस्सा. हिशोब करून बघू. कोकणात हवा २७ अंशांची आहे असं धरा. ढगांतून १२०० मीटर चढली, सुमारे ७ अंश गेले, माथ्यावर २० उरले. मग पलीकडे ७०० मीटर उतरून देशावर आली, दर किलोमीटरला दहाप्रमाणे ७ अंश परत मिळाले. झाले पुन्हा २७. समुद्रसपाटीपासून ५०० मीटर उंचीवर कोकणाइतकीच ऊब, पण पाणी वाटेत गेलेलं. तापलेली हवा बाष्प धरून ठेवते, सोडत नाही, म्हणून ढग विरतात. भूगोलाच्या पुस्तकात आपण 'पर्जन्यछायेचा प्रदेश' पाठ केला तो हाच. दुष्काळाची कामं, टँकर, उजनी धरणाच्या पाण्याची वाट बघणं, या सगळ्यामागे जी कारणं आहेत त्यांत सह्याद्री उतरून येणारी ही कोरडी हवा पहिल्या रांगेत आहे. लोमाच्या लोकांना जिनं एक उबदार सकाळ दिली, तीच करणी आपल्याला दर पावसाळ्यात आभाळाकडे बघायला लावते.

त्या मुलाच्या घामाकडे येतो. जानेवारीत सोलापुरात दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि पहाटे पंधराच्या आसपास उतरतो. हा फरक वाऱ्यानं पडत नाही, तो मोकळ्या आभाळानं पडतो. दिवसा तापलेली जमीन रात्रभर आपली उष्णता न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात वर सोडत असते. हवेत बाष्प किंवा वर ढग असतील तर ते ती उष्णता शोषून घेतात आणि थोडी परत खाली पाठवतात. आपली सोलापुरी चादर स्वतः तापत नाही, अंगाचीच ऊब अडवून धरते, तसंच हे. जानेवारीत हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि रात्र लांब. अंगावर चादर नाही आणि झोपायचं मात्र जास्त वेळ. दुपारी तीच कोरडी हवा उन्हाला अडवत नाही. म्हणून पहाटेची हुडहुडी आणि दुपारचा घाम ही एकाच कोरडेपणाची दोन टोकं आहेत.

माझी आत्या मोहोळ तालुक्यात असते. रान काळं, आणि त्यात मालदांडी ज्वारी. या मालदांडीतूनच निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रातला. भोगीच्या आदल्या रात्री मी तिच्याकडे मुक्कामाला गेलो होतो आणि दोन थर्मामीटर नेले होते. एक दांडीला छातीच्या उंचीवर टांगला, दुसरा मातीजवळ ठेवला. पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन बघितलं तर मातीजवळचा पारा वरच्यापेक्षा तीन अंश खाली होता. वारा अजिबात नव्हता. शेकोटीचा धूर सरळ वर गेला आणि डोक्याच्या थोडं वर जाऊन आडवा पसरला, जणू तिथे कुणी छत घातलं होतं. त्या उंचीवरची हवा खालच्या हवेपेक्षा उबदार होती, म्हणून धुराला वर जायचा जोर उरला नाही. थंड हवा जड, ती तळाशी साचते. ज्वारीच्या पानांवर दव इतकं की दोन ओळी चालून आलो तर पँट गुडघ्यापर्यंत भिजली. आत्याला यातलं काही नवीन नव्हतं. ती म्हणाली, "म्हणून तर शेळ्या माळावर बांधायच्या, ओढ्यात नाही."

ही झाली घरची थंडी. पाहुणी थंडी वेगळी असते. पश्चिमेकडून येणारे विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारी हवेची वादळी वळणं, काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे गेले की त्यांच्या मागून उत्तरेचा कोरडा गार वारा खाली सुटतो. तो कुठवर पोचेल त्यावर आपला कडाका ठरतो. संक्रांतीच्याच आठवड्यातल्या दोन जुन्या नोंदी बघा. १६ जानेवारी १९३५ ला दिल्लीत पारा उणे ०.६ अंशांवर गेला. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात १.७. सलग दोन दिवसांच्या या नोंदी शेजारी ठेवल्या की थंडीची लाट नकाशावर सरकताना दिसते. ताशी ५० किलोमीटरचा वारा चोवीस तासांत बाराशे किलोमीटर जातो, आणि दिल्ली-पुणे अंतर साधारण तेवढंच. मुंबईच्या सांताक्रूझला ७.४ अंश नोंदवले गेले तेही जानेवारीतच, २२ तारखेला, १९६२ मध्ये.

'थंडीची लाट' हा शब्द आपण सहज वापरतो, पण हवामान खात्याकडे त्याला मोजमाप आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवं, आणि ते त्या दिवसांतल्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी हवं. किंवा पारा थेट ४ अंशांवर उतरायला हवा. म्हणून १२ अंशांना आपण कुडकुडलो तरी त्याला लाट म्हणत नाहीत.

तारखेचाही असाच एक बारकावा आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. वेधशाळेत किमान तापमान आणि पाऊस सकाळी साडेआठला वाचतात, आणि तो आकडा मागच्या चोवीस तासांचा असतो. १४ जानेवारीला दुपारी अवकाळी सर आली तर ती १५ तारखेच्या खात्यात जमा होते. पेपरातला आकडा आणि आपली आठवण जुळत नाही तेव्हा बऱ्याचदा कारण एवढंच असतं. लोमात सकाळचे नऊ वाजले तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आणखी अडीच तास आणि आपल्याकडे १५ जानेवारी.

जुन्या काळात गेलो तर तारीख आणखीच निसटते. इंग्लंडच्या जुन्या बखरींत आहे की १२०५ साली १४ जानेवारीला गोठण सुरू झाली ती २२ मार्चपर्यंत टिकली. जमीन नांगरता आली नाही, पुढे धान्याचे भाव भडकले. पण ती तारीख ज्युलियन पंचांगाची. आजच्या कॅलेंडरनं तो दिवस २१ जानेवारी येतो. दोन्ही कॅलेंडरांत त्या काळी सात दिवसांचं अंतर होतं.

आपली संक्रांतसुद्धा एका तारखेला बसत नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या हिशोबानं मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे. वीस-वीस मिनिटं साचून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस होतो, आणि संक्रांत एका दिवसानं पुढे जाते. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, आणि त्या दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ ला येते. हेच गणित मागे नेलं तर मन थोडं थबकतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. संक्रांतीच्या दिवशीच मराठ्यांवर संक्रांत कोसळली असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या वर्षीची संक्रांत गणितानं १०-११ जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती. लढाईच्या दिवशी तिथी होती पौष शुद्ध अष्टमी.

त्या दिवसाची थंडी मात्र खरी होती, आणि मला वाटतं पानिपत सांगताना ती पुरेशी सांगितली जात नाही. मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघालेली दख्खनची माणसं. पहाटे पंधरा अंशांची सवय असलेली अंगं. उत्तरेतला पुरा हिवाळा त्यांनी वेढ्यात, अर्धपोटी काढला. अन्न हेच शरीराचं सरपण. पोटात काही नसेल तर दहा अंशही झेपत नाहीत, आणि तिकडची जानेवारी शून्यापर्यंत जाते हे १९३५ च्या आकड्यानं आपल्याला सांगितलंच आहे. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, भोगीची भाजी हे आपल्या पूर्वजांनी याच आठवड्यात का आणून ठेवलं असेल, ते मला त्या वेढ्याचा विचार करताना जास्त कळतं.

याच तारखेची एक नोंद पृथ्वीबाहेरचीही आहे. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स हे यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरलं. जमिनीवर उणे १७९ अंश. तिथे पाऊस पडतो, पण मिथेनचा. यान टेकलं ती माती ओलसर होती, आणि यानाच्या उबेनं तिच्यातून मिथेनची वाफ निघाली. वाफ होणं, ढग बनणं, पाऊस पडणं हे चक्र आपल्यासारखंच, द्रव तेवढा निराळा.

अक्षतांच्या दुसऱ्या दिवशी होमविधी असतो आणि त्या रात्री वासराची भाकणूक. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे पाणी, चारा, धान्य, गूळ ठेवतात आणि ते काय करतं त्यावरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. थंडीच्या मध्यात उभं राहून पावसाळ्याबद्दल विचारणं ही या मातीची जुनी निकड आहे. हवामान खात्याची सुरुवातही त्याच निकडीतून झाली. १८७५ मध्ये खातं उभं राहिलं, आणि त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या हिवाळी बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा त्यांचा आडाखा. आज त्या अंदाजात समुद्राचं तापमान, वारे आणि संगणकावरची प्रतिमानं आली आहेत. पण जानेवारीकडे बघून जून ओळखायची धडपड तीच आहे.

त्या मुलाला मी आता काय सांगेन? तारीख फक्त एवढंच ठरवते की सूर्य किती वर येणार आणि रात्र किती लांब असणार. सर्वांत छोटा दिवस २१-२२ डिसेंबरलाच होऊन गेलेला असतो, पण त्यानंतरही काही आठवडे जमीन मिळवते त्यापेक्षा जास्त गमावते, म्हणून गारठा जानेवारीतही टिकतो. बाकी सगळं वारा कुठून येतो आणि आभाळ झाकलेलं आहे की उघडं, यावर.

यंदा भोगीच्या रात्री आभाळ आलं होतं. पहाटे उठलो तर थर्मामीटर एकोणीस दाखवत होता आणि पानावर दव नव्हतं. मी म्हटलं, बरं झालं, गारठा कमी आहे. आत्या काही बोलली नाही. ओळीत शिरून तिनं ज्वारीचं एक पान उलटं केलं, बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. चिकट होतं. ढगाळ हवेत मावा ही कीड वाढते, तिचा चिकटा पानांवर साचतो. तिनं वर बघितलं. उत्तरेकडे थोडं उघडत होतं.